जखमेसह पुन्हा उठणं



चेन्नईच्या सांथोम बॅसिलिकामागे लगेच समुद्र आहे. पहाटे वाळूवर कुणी मच्छीमार जाळं सांधत बसलेला असतो. फाटलेली जागा बोटांनी चाचपतो. सुई घालतो. गाठ मारतो. गाठ दिसत राहते, पण जाळं पुन्हा पाण्यात जातं.

या चर्चखाली संत थॉमसची कबर आहे, अशी श्रद्धा आहे. थॉमस म्हणजे शंका घेणारा शिष्य. क्रुसावर खिळलेला येशू मरणातून उठला, हे त्याला पटेना. जखमांना बोट लावल्याशिवाय मी मानणार नाही, असं तो म्हणाला. आठ दिवसांनी येशू समोर आला. रागावला नाही. त्याने आपले हात पुढे केले. जीवन नवं होतं, खिळ्यांच्या खुणा मात्र तशाच होत्या.

मला हेच फार मोलाचं वाटतं. झालेलं पुसलं गेलं नाही. जखमेसह पुन्हा उठणं, हेच ते पुनरुत्थान.

२६ डिसेंबर २००४, रविवारची सकाळ. याच किनाऱ्यावर त्सुनामी आली. माणसं गेली, होड्या गेल्या. काही काळाने इथूनच होड्या पुन्हा समुद्रात उतरल्या. जखमेसह पुन्हा उठणं.

मरणसुद्धा शेवट नाही, असं ज्याने मनापासून मानलं, तो भावाशी झालेलं भांडण शेवटचं कसं मानेल? तो आधी बोलतो. आधी माफी मागतो. काल चुकला, तरी आज कामाला लागतो.

श्रोतेहो, कुणाला तरी फोन करायचा कधीपासून राहून गेलाय ना? आज करा.