जबाब आणि मौन

पोलिसी जबाब हाही एक कथनप्रकारच होय. कालक्रम, कार्यकारणभाव आणि सुसंगती ही त्याची रूपतत्त्वे. परंतु आघात सोसलेली स्मृती बहुधा तुकड्यांत येते. असह्य ते मागे ठेवून मन तगते. तपास मात्र नेमके तेच मागतो, आणि पुनःपुन्हा मागतो.

देसाईगंज पोलीस ठाण्यातील १९७२ च्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आरोपी पोलिसांना निर्दोष ठरविले. आदिवासी मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, यावरून संमतीचा अर्थ काढला गेला. भयाचे मौन होकार म्हणून वाचले गेले. उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार आदी चौघा विधिअध्यापकांनी १९७९ च्या खुल्या पत्रात या वाचनाला आव्हान दिले. १९८३ मध्ये कायदा बदलला.

तरी नैतिक प्रश्न उरतोच. आरोपीलाही न्याय हवा, म्हणून शंका आवश्यक आहे. पण कथनाविषयीची शंका आणि कथन करणारीविषयीचा अविश्वास एक नव्हेत. शंका पुराव्याचा शोध घेते. अविश्वास तिच्या देहालाच पुरावा व्हायला लावतो. २०१३ पासून असा जबाब स्त्री अधिकाऱ्याने नोंदवावा, असे कायदा सांगतो. लिहिणारा हात त्याने बदलला; तुटक बोलणे तुटकपणासह ऐकणारा कान मात्र कायद्याने घडत नाही.