सदोष माणसाचा निर्धार

निर्धार हा निरपवाद सद्गुण आहे, अशी आपली एक सोयीची समजूत आहे. मुलांना ती आपण लहानपणींच शिकवितों. परंतु निर्धार चोराच्याहि अंगीं असतो, आणि पुष्कळदां तो साधूपेक्षां अधिक असतो. तेव्हां खरा प्रश्न असा कीं, ज्याच्या हातीं कायद्याचा दंड आहे आणि ज्याच्या ठिकाणीं माणसाचे सारे दोषहि आहेत, त्याच्या निर्धाराचा आपण गौरव केव्हां करावा आणि त्याची भीति केव्हां बाळगावी?

हा विचार मनांत आला तो 'मुळशी पॅटर्न' या बोलपटावरून. प्रवीण तरडे यांचा हा बोलपट २०१८ सालीं प्रदर्शित झाला. जमीन विकून बसलेल्या सखाराम पाटलाचा मुलगा राहुल्या गुन्हेगारींत कसा शिरतो, ही त्याची कथा. ओम भूतकर यांचा राहुल्या आणि मोहन जोशी यांचा हताश बाप प्रेक्षकांच्या मनांत घर करून राहिले, आणि तें योग्यच झालें. परंतु त्याच कथेंत इन्स्पेक्टर विठ्ठल कडू आहे. उपेंद्र लिमये यांनीं रंगविलेल्या या चिवट अधिकाऱ्याकडे पाहावें तितकें कोणीं पाहिलें नाहीं. पुढें २०२१ सालीं महेश मांजरेकर यांनीं याच कथेवरून 'अंतिम' हा हिंदी बोलपट केला, तेव्हां सलमान खान यांच्यामुळें पोलिस अधिकारी अग्रभागीं आला. गुंडांनींच गुंडांचा नाश करावा, अशी त्याची युक्ति. प्रेक्षागृहांत टाळ्या पडतात त्या अशा युक्तीला.

काट्यानें कांटा काढावा, हें आपलें जुनें शहाणपण आहे. पण पायांतला कांटा आणि माणूस यांत अंतर आहे. पुरावा न पाहतां, बचावाचा शब्द न ऐकतां कोणा न्यायाधीशानें फांशी सुनावली, तर आपण त्याला न्याय म्हणूं काय? मग तीच शिक्षा शत्रूच्या हातून घडवून आणणाऱ्या अधिकाऱ्याला आपण धूर्त म्हणून कां गौरवावें? स्वतःचे हात स्वच्छ राहिले, एवढ्यानें मन स्वच्छ राहत नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, हें बोलणें घरांत बसून सोपें आहे. ज्याच्या मुलाचा भर रस्त्यांत खून झाला, त्याला विचारा. हा आक्षेप हलका नाहीं. परंतु मुळशीची कथाच त्याला उत्तर देते. खरेदीखत झालें तेव्हां कायदा हजर होता. सातबाऱ्यावरचें नांव बदललें तेव्हांहि तो हजर होता. सर्व कांहीं नियमानुसार झालें, आणि त्या नियमांतूनच एक घर उद्ध्वस्त झालें. बाप हातांतला पैसा संपून लाचार होतो, मुलगा हातीं शस्त्र धरतो, आणि तेव्हां कुठें कायदा पोलिसाचा गणवेष घालून पुन्हां दारांत उभा राहतो. त्या एकट्या अधिकाऱ्यानें आपल्या निर्धारानें सारें निस्तरावें, ही अपेक्षा म्हणजे समाजानें स्वतःचा हिशेब दुसऱ्याच्या वहींत लिहिणें होय.

गोविंद निहलानी यांच्या १९८३ मधील 'अर्धसत्य'मध्यें हा हिशेब अधिक निर्भयपणें मांडला आहे. श्री. दा. पानवलकर यांच्या कथेवरून विजय तेंडुलकर यांनीं त्याची पटकथा लिहिली. ओम पुरी यांचा अनंत वेलणकर शूर आहे, प्रामाणिक आहे. पण संतापी आहे, मद्यपी आहे, आणि त्याच्या हातून कोठडींतला एक संशयित मार खाऊन मरतो. त्यांतून वांचण्यासाठीं ज्या रामा शेट्टीशीं तो झगडत आला, त्याच्याच दारीं त्याला जावें लागतें. शेवटीं तो शेट्टीला ठार करतो आणि स्वतः पोलिसांच्या स्वाधीन होतो. त्याचें कृत्य समर्थनीय नाहीं. पण त्यानें तें लपविलें नाहीं.

याच मुळशीच्या मातींत एक वास्तव उदाहरणहि आहे. टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ सालीं सुरू झालेल्या सत्याग्रहाचे पुढारी सेनापति बापट. परदेशांत बाँबची विद्या मिळविलेला हा पुरुष येथें सत्याग्रही झाला. परंतु पुढें त्याचा हात तोडफोडीकडे वळला, रेल्वेवरील हल्ल्याबद्दल त्याला सात वर्षांची शिक्षा झाली. निःशस्त्र लढ्याच्या कसोटीला हा दोषच. पण बापट पळाले नाहींत. कृत्याची जबाबदारी घेऊन शिक्षेला सामोरे गेले. धरण झालें, गांवें पाण्याखालीं गेलीं. तरी त्या माणसाविषयीं आदर राहिला.

सदोष माणसाच्या निर्धाराची कसोटी माझ्या मतें येथें आहे. दोष नसलेला अधिकारी मागून मिळणार नाहीं. तो मिळाला तरी त्याला आपल्या व्यथा कळतील कीं नाहीं, शंकाच आहे. मागावयाचें तें इतकेंच: जो कायदा तो राहुल्याला लावतो, तोच स्वतःला लावून घेण्याची त्याची तयारी आहे काय? असेल, तर त्याच्या चुकांसकट तो आपला रक्षक आहे. नसेल, तर गणवेष उतरविल्यावर त्याच्यांत आणि राहुल्यांत काय उरतें, हें टाळी वाजविण्यापूर्वीं प्रत्येकानें स्वतःला विचारावें.