'दिसला नाही' हीही नोंदच

पळस-पांगारा फुललाय, पानगळीनं रान विरळ झालंय. पक्षी पाहायला याहून चांगले दिवस नाहीत. शनिवार-रविवारी गाड्या भरून मंडळी निघतात आणि प्रत्येकाला एकच ध्यास असतो, आज 'लायफर' मिळायला हवा. म्हणजे आयुष्यात पहिल्यांदाच दिसणारी जात, यादीत नवी भर.

या छंदात पंच नसतो. झुडपात काहीतरी पिवळं हललं आणि भुर्रकन उडालं; तो कोण होता, हे यादी लिहिणाऱ्यानंच ठरवायचं. म्हणूनच इथे प्रामाणिकपणाचा कस लागतो.

एक खोटी नोंद केवढा घोळ घालते, ते रानपिंगळ्यानं दाखवलं. सातपुड्याच्या रानातलं हे छोटं घुबड. जेम्स डेव्हिडसन या इंग्रज सनदी अधिकाऱ्यानं १८८४मध्ये खानदेशात त्याचा नमुना मिळवला, त्यानंतर तो दिसेनासाच झाला. पुढे रिचर्ड माइनर्ट्झहागेन या नामवंत कर्नलनं '१९१४मध्ये मला तो गुजरातेत मिळाला' असं सांगितलं. एवढ्या मोठ्या माणसावर शंका कोण घेणार? शोधणाऱ्यांची वाट चुकली. पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी तो नमुना बारकाईनं तपासला, तेव्हा उघड झालं की तो डेव्हिडसनचाच पक्षी होता. चोरलेला, पुन्हा भरलेला आणि नवी चिठ्ठी लावलेला. ती नोंद बाद करून त्या व त्यांचे सहकारी जुन्या, खऱ्या नोंदींच्या मागावर निघाले आणि नोव्हेंबर १९९७मध्ये शहाद्याजवळ दिवसाउजेडी रानपिंगळा समोर बसलेला दिसला. ११३ वर्षांनी!

आज नमुने चोरायची गरज उरलेली नाही. मोह खिशातल्या मोबाइलमध्येच असतो. पक्ष्याचा आवाज लावला की नराला वाटतं, आपल्या हद्दीत दुसरा घुसला. विणीच्या ऐन दिवसांत पिलांचा चारा टाकून तो समोरच्या फांदीवर येतो, पिसं फुलवतो, जिवाच्या आकांतानं ओरडतो. आपण म्हणतो, काय सुंदर पोझ दिली! तो मात्र भांडायला आलेला असतो. मागून दुसरा गट येतो, पुन्हा तोच आवाज, पुन्हा तीच धावाधाव. तेवढ्यात घरट्याकडे कावळ्याचं लक्ष गेलं, तर त्याची नोंद कुणाच्याच यादीत होत नाही.

कर्नलचा खोटेपणा आणि आपली घाई यांत फरक आहे, पण मूळ एकच: पक्ष्यापेक्षा यादी मोठी होणं. खात्री नसेल तिथे 'बहुधा' लिहिण्यात कमीपणा नाही. 'दिसला नाही' हे लिहिण्यात तर मुळीच नाही. पूर्वी जिथे हमखास दिसायचा तिथे आता दिसत नाही, हे कुणीतरी प्रामाणिकपणे नोंदवलं, तरच काय घटतंय ते वेळेवर कळेल. रिकाम्या हातानं परतलेल्या माणसाच्या वहीचाही पक्ष्यांना उपयोग असतो. फक्त ती वही खरी हवी.