गौळ रागातली कबुली



तंजावरजवळ, कावेरीच्या काठी, तिरुवैयारु आहे. १८४७ साली देह ठेवलेले कर्नाटक संगीतातले संत-रचनाकार त्यागराज यांची समाधी इथेच आहे. दरवर्षी पौष वद्य पंचमीला शेकडो गायक-वादक तिथे दाटीवाटीने मांडी घालून बसतात आणि त्यांच्या पंचरत्न कृती एकत्र गातात.

त्यातली दुसरी, गौळ रागातली 'दुडुकुगल', ऐकावीच. तिच्यात त्यागराज स्वतःचेच दोष मोजत जातात. वासना, गर्व, वाया घालवलेला काळ. एवढंच नव्हे, स्वर-लय कळत नसताना आपण थोर भक्तांच्या पंक्तीला बसलो, असंही हा महान वाग्गेयकार म्हणतो! मनातली शरम चारचौघांत बोलायची तर जीभ रेटत नाही. इथे मात्र ती आदितालात बांधलेली आहे, आणि डावी-उजवीकडचा प्रत्येकजण तीच कबुली आपल्या तोंडून देतो आहे. कोण कुणाला नावं ठेवणार? आपल्या तुकोबांचे करुणापर अभंग हेच करतात. आजचे संगीतोपचारही सुरांतून मनाला वाट करून देतात.

ही कबुली मात्र सगळ्यांना खुली नव्हती: तिरुवैयारुच्या या वार्षिक सोहळ्यात, त्यागराज आराधनेत, पूर्वी स्त्रियांना गाता येत नसे. देवदासी परंपरेतल्या बंगळूर नागरत्नम्मांनी आपली पुंजी घालून समाधीमंदिर बांधलं आणि तो हक्क मिळवला. त्यांचे आपल्यावर मोठे उपकार आहेत.

आज मनात काही सलत असेल, तर एखादा अभंग मोठ्याने म्हणा. आवाज कापला, डोळे भरून आले, तरी मध्येच थांबू नका.