मृतजन्मानंतरचे गरोदरपण : भीती कुठली, शोक कुठला

पहिलटकरणीची धाकधूक आणि मृतजन्मानंतर पुन्हा दिवस गेलेल्या बाईची भीती यांत जातीचाच फरक आहे. पहिलटकरीण ऐकलेल्या गोष्टींना भिते. ही घडून गेलेल्या गोष्टीला भिते. तिच्या भीतीला महिना असतो, वार असतो, डॉक्टरांनी मशीन फिरवता फिरवता गप्प होण्याचा एक क्षण असतो. आंतरराष्ट्रीय मोजणीत २८ आठवड्यांनंतर मृत जन्मलेले बाळ मृतजन्म धरले जाते. २०१९ साली भारतात असे सुमारे ३ लाख ४० हजार मृतजन्म झाले, संख्येने जगात सर्वाधिक. यातल्या बहुतेक बायका पुढे पुन्हा गरोदर राहतात, पुष्कळदा वर्षभराच्या आतच. तरीही या दुसऱ्या गरोदरपणाविषयी मराठीत जे बोलले जाते ते एका वाक्यात संपते : चांगले विचार कर, सगळे चांगले होईल.

या वाक्यामागे एक पूर्ण शास्त्र असल्याचा आव असतो. डॉ. बालाजी तांबे यांच्या ‘आयुर्वेदीय गर्भसंस्कार’ या पुस्तकाने गर्भसंस्कार हा शब्द मराठी घराघरांत नेला. भांडण त्या पुस्तकाशी नाही. त्या शब्दाच्या आधाराने गल्लोगल्ली निघालेले वर्ग, मोबाइलवर फिरणारे सकाळचे संदेश आणि नातेवाइकांचे सल्ले यांनी त्याचे जे केले, त्याच्याशी आहे. त्यात एक सिद्धान्त गृहीत धरलेला असतो : आईच्या मनात येते ते बाळाला लागते, म्हणून आईने घाबरायचे नाही. ज्या बाईचे पहिले बाळ व्यवस्थित घरी आले तिला हा सल्ला निरुपद्रवी आहे. ती संगीत ऐकेल, चार श्लोक म्हणेल, तिचे बरेच होईल. मृतजन्म सोसलेल्या बाईच्या कानावर मात्र तोच सल्ला आरोप म्हणून पडतो. चांगल्या विचारांनी बाळ तगत असेल, तर मागचे कोणाच्या विचारांनी गेले?

वर्ग चालवणारे हा निष्कर्ष कधी उच्चारत नाहीत, हे मान्य. पण सिद्धान्त मांडायचा आणि त्याचा सरळ निष्कर्ष ऐकणारीवर सोडून द्यायचा, यात निरागसपणा नाही. दाखला द्यायला अभिमन्यू तयारच असतो. त्या कथेत सुभद्रेला झोप लागते म्हणून चक्रव्यूहातून बाहेर पडण्याची विद्या अपुरी राहते. म्हणजे गर्भाचे उणे आईच्या खाती टाकण्याची सोय कथेतच आहे. त्याच महाभारतात, त्याच घरात, पुढच्याच पिढीत एक मृतजन्म आहे, तो कोणी सांगत नाही. अभिमन्यूची बायको उत्तरा हिचा मुलगा परीक्षित निष्प्राण जन्मतो आणि कृष्ण त्याला जिवंत करतो. नवरा रणात पडलेला, सासरचे घर उद्ध्वस्त, अशा स्थितीत उत्तरा कसले विचार करत होती हे महाभारतात कोणी विचारत नाही. बाळ गेले ते अश्वत्थाम्याच्या अस्त्राने. कारण बाहेरचे होते आणि ते बाहेरच शोधले गेले. गर्भसंस्काराच्या वर्गांना उत्तरा परवडणारी नाही.

तीव्र आणि लांबलेल्या तणावाचा अकाली प्रसूतीशी व कमी वजनाशी काहीसा संबंध अभ्यासांत दिसतो, हे नाकारायचे कारण नाही. अशा तणावाला समुपदेशन लागते, प्रसंगी गरोदरपणात चालणारी औषधेही लागतात. पण बाळ पोटात जाते ते प्रामुख्याने वेगळ्याच कारणांनी : वारेतून रक्त कमी पडते, वाढ खुंटते, रक्तदाब चढतो, साखर हाताबाहेर जाते, संसर्ग होतो, वार आधीच सुटते. शिवाय जगातले चाळीस टक्क्यांहून अधिक मृतजन्म कळा सुरू झाल्यानंतरचे आहेत. तिथे प्रश्न बाळाचे ठोके कोणी आणि किती वेळाने ऐकले, सिझेरियनची सोय हाताशी होती का, हा असतो. खाटेवर पडलेल्या बाईच्या मनात त्या वेळी कोणता श्लोक चालू होता याने त्यात फरक पडत नाही.

या सल्ल्याचे खरे नुकसान आणखी पुढचे आहे. घाबरायची बंदी घातल्याने भीती कमी होत नाही, ती बोलायची थांबते. टिटवाळ्यासारख्या ठिकाणी याचा अर्थ काय होतो हे नीट पाहण्याजोगे आहे. कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या टोकाचे हे गाव. कसारा मार्गावर कल्याणहून शहाड, आंबिवली आणि मग टिटवाळा. नवरा पहाटेची गाडी धरतो, रात्री परततो. महापालिकेचे रुक्मिणीबाई रुग्णालय कल्याणला, कळव्याचे रुग्णालय त्याहून लांब. रात्री अकराला बाईला वाटते की संध्याकाळपासून पोट शांत आहे. ती साखरपाणी पिते, डाव्या कुशीवर पडते, हात ठेवून वाट पाहते. उठवावे तर सासू म्हणणार, पुन्हा तेच डोक्यात घेतलेस. गाड्या विरळ झालेल्या, रिक्षा शोधावी लागणार, आणि तिथे पोचल्यावर सगळे ठीक निघाले तर उद्या सगळ्या चाळीत हसे. म्हणून ती सकाळपर्यंत थांबते. ‘घाबरू नकोस’ या दोन शब्दांची किंमत इथे मोजावी लागते.

हालचालींबाबत पुराव्याची बाजूही सरळ नाही. ठरावीक वेळेत दहा हालचाली मोजण्याची रीत १९७० च्या दशकात कार्डिफहून निघाली. काटेकोर मोजणीने मृतजन्म कमी होतात असे त्यानंतरच्या मोठ्या चाचण्यांनी दाखवले नाही. ब्रिटन-आयर्लंडमध्ये चार लाखांहून अधिक गरोदरपणांवर झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हालचालींविषयी जागरूकता वाढवण्याने मृत्यूंत ठोस घट दिसली नाही. कळा आणवणे आणि सिझेरियन मात्र वाढले. यावरून काही जण हालचालींकडे लक्षच देऊ नये इथवर जातात, ते फार झाले. चाचणीने खोडली ती मोजणीच्या पद्धतीची जादू. आपल्या बाळाची रोजची चाल बदलली असे बाईला वाटले तर त्याच रात्री ठोके तपासायचे, हा नियम त्याने खोटा ठरत नाही. साखरपाण्याने किंवा बाजारातल्या घरगुती डॉप्लरने रात्र काढणे मात्र धोक्याचे. त्या यंत्रात आईचीच नाडी बाळाची वाटू शकते.

इथे ज्या भेदावर सगळे अवलंबून आहे तो मांडायला हवा. या बाईला जे वाटते ते बाहेरून एकच दिसते, आत दोन गोष्टी असतात. एक, पोटातल्या बाळाविषयीची भीती. तिला प्रश्न असतो : ठोके आहेत का, वाढ होते आहे का, रक्तदाब किती. हा प्रश्न तपासता येतो, आणि तपासता येणाऱ्या प्रश्नाला धीराचे शब्द देणे ही टाळाटाळ आहे. दुसरा, गेलेल्या बाळाचा शोक. तो भीतीचे कपडे घालून येतो, सोनोग्राफी मागतो, पण सोनोग्राफीने शमत नाही. अहवाल चांगला आला की दोन दिवस बरे, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. कारण जे बाळ तो शोधतो ते पडद्यावर नसते. आपल्याकडे होते ते नेमके उलटे. भीतीला समजूत मिळते आणि शोकाला तपासण्या.

दोन्ही वेगळे ओळखायचे कसे? खूण नेहमी स्पष्ट नसते, हे कबूल. पण एक कसोटी बऱ्याच वेळा चालते : नेमके उत्तर मिळाल्यावर जी काही काळ तरी खरोखर उतरते ती भीती, उत्तर मिळाल्यावर जो अधिकच अस्वस्थ होतो तो शोक. मागच्या वेळी बाळ ३४ व्या आठवड्यात गेले असेल तर ३३ वा आणि ३४ वा आठवडा सर्वांत कठीण जातो, हे प्रसूतिगृहात काम करणाऱ्यांना ठाऊक आहे. त्या पंधरवड्यात तपासण्या थोड्या वाढवाव्यात, आणि त्यासोबत मागच्या बाळाविषयी बोलायला कोणीतरी अर्धा तास बसावे. एकाने दुसऱ्याचे काम होत नाही.

शोक या गरोदरपणात येऊन साठतो, कारण त्याला आधी जागाच मिळालेली नसते. मृत जन्मलेले बाळ आईला दाखवायचे नाही, पुरुषांनी नेऊन पुरायचे, नाव ठेवायचे नाही, घरी विषय काढायचा नाही, ही रीत अजून सर्रास आहे. बाळ पाहण्याने, हातात घेण्याने आईचे मन सावरते की बिघडते यावर अभ्यास एकमुखी नाहीत. पण तिला विचारायचेच नाही, याच्या बाजूने एकही अभ्यास नाही. चार दिवसांनी पान्हा फुटतो तेव्हा तर तिला आधी कोणी सांगितलेलेही नसते. कायदा इथे घराहून शहाणा निघाला : मातृत्व लाभाच्या कायद्यात ‘मूल’ या व्याख्येत मृत जन्मलेले मूलही येते, त्यामुळे नोकरदार बाईला बाळंतपणाची पूर्ण रजा मिळते. जन्म-मृत्यू नोंदणीत मृतजन्माचा स्वतंत्र नमुना आहे. सरकारी कागदावर ते बाळ झाले होते. घरी मात्र ते झालेच नव्हते, अशा थाटात दुसऱ्या गरोदरपणाचे पेढे वाटले जातात.

जुन्या मराठी समाजाला सगळे कळत होते असे मुळीच नाही, पण भीतीच्या बाबतीत तो आजच्यापेक्षा प्रामाणिक होता. मुले जगत नसत त्या घरात पुढच्या मुलाचे नाव दगडू, धोंडू, केरू, भिकाजी असे ठेवत. अशा नकोशा नावाच्या बाळावर दैवाची नजर पडू नये म्हणून. बाळंतविडा आधी शिवायचा नाही, पाळणा आधी आणायचा नाही. टिटवाळ्याचा महागणपती लग्न जुळवणारा म्हणून प्रसिद्ध, आणि शकुंतलेची कथा त्याच देवळाशी जोडलेली. मात्र तिथल्या अंगारकीच्या रांगेत लग्नाळूंइतकेच लेकराचा नवस बोललेले लोकही उभे असतात. नवस हे काही औषध नव्हे, आणि फेडायचे ओझे वेगळे. तरी नवस बोलणारी बाई उघड म्हणते की मला भीती वाटते. गर्भसंस्काराच्या वर्गात हे वाक्य म्हणायला मनाई आहे.

भीती खोटी नाही हे आकडेही सांगतात. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २०१५ साली आलेल्या, मुख्यतः श्रीमंत देशांतल्या अभ्यासांच्या आढाव्यात आधी मृतजन्म झालेल्या बायकांत पुढच्या खेपेला हजारात २५ मृतजन्म आढळले, न झालेल्यांत हजारात ४. जोखीम कितीतरी पट. आणि तरी हजारात ९७५ बाळे जिवंत. बाईला दोन्ही आकडे सांगावेत. फक्त दुसरा सांगणारा तिला लहान मूल समजतो. प्रत्यक्ष जोखीम मागच्या कारणावर ठरते, म्हणून मागच्या वेळी वार तपासणीला गेली होती का, साखर, थायरॉइड, रक्त गोठण्याचे दोष, सिफिलिससाठीची व्हीडीआरएल, आरएच रक्तगट यांचे अहवाल कुठे आहेत, हे नव्या गरोदरपणाच्या पहिल्याच भेटीत विचारले गेले पाहिजे. रक्तदाबाची जोखीम असेल तर अॅस्पिरिनची लहान मात्रा १६ आठवड्यांच्या आत सुरू करायची असते. चौथा महिना उलटल्यावर नाव नोंदवले तर ती वेळ गेलेली असते. २८ आठवड्यांनंतर पाठीवर न झोपता कुशीवर झोपण्याचा सल्लाही पुराव्यावर उभा आहे.

‘लगेच दुसरे होऊ द्या, विसर पडेल’ हे मत खोडण्याचीही गरज नाही. उलट वर्षभर थांबलेच पाहिजे असेही नाही : फिनलंड, नॉर्वे आणि पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या नोंदींवर २०१९ साली आलेल्या अभ्यासात मृतजन्मानंतर वर्षाच्या आत राहिलेल्या गर्भाला वाढीव धोका दिसला नाही. किती थांबायचे हे शरीरापेक्षा मनाने ठरवायचे आहे. ‘सदतिसाव्यालाच सिझेरियन करून मोकळे व्हा’ हे मत घाईचे. प्रसूतीची वेळ मागचे कारण आणि आताची वाढ पाहून ठरते, आणि ती कशी ठरली हे बाईला माहीत असावे एवढेच.

सरकारी दवाखान्यात व्यवस्था अगदीच नाही असे नव्हे. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात तपासणी होते, जोखमीच्या बाईच्या कार्डावर लाल स्टिकर लागते. केसपेपरवर ‘बीओएच’ (म्हणजे आधीचा प्रसूतीचा इतिहास वाईट) आणि ‘जी२ पी१ एल०’ लिहिलेले असते : गरोदरपण दुसरे, बाळंतपण एक, हयात मूल नाही. तरी दर खेपेला टेबलापलीकडची नवी बाई कार्ड उघडण्याआधी विचारते, पहिले काय आहे, मुलगा की मुलगी? या एका प्रश्नाने दुसऱ्या खेपेला येणे टाळणाऱ्या बायका आहेत. उपाय खर्चाचा नाही. कार्ड आधी वाचायचे आणि शक्यतो त्याच परिचारिकेने त्या बाईला दर वेळी बघायचे. मँचेस्टरच्या सेंट मेरीज रुग्णालयात अशा बायकांसाठी स्वतंत्र दवाखाना चालतो, त्यातले निम्मे शहाणपण एवढ्यातच आहे. उरलेले निम्मे म्हणजे रात्री फोन करायला एक नंबर, आणि ‘उगाच आलात’ असे न म्हणणारा प्रसूतिकक्ष.

आनंदीबाई जोशी मूळ कल्याणच्या. चौदाव्या वर्षी झालेला मुलगा दहा दिवसांत गेला, त्यानंतर त्यांनी शिकायला घेतले ते वैद्यक, आणि १८८६ च्या पदवीसाठी प्रबंध लिहिला तो प्रसूतिशास्त्रावर. शोकातून प्रश्न वेगळा काढण्याचे यापेक्षा स्वच्छ उदाहरण या भागाच्या इतिहासात नाही.

कळा सुरू झाल्यावर भेद पुन्हा उपयोगी पडतो. त्या तासांत ठोके वेळच्या वेळी ऐकणे आणि ते बाईला ऐकू देणे हे भीतीचे उत्तर आहे. मागच्या वेळची खोली, तीच खाट टाळणे हे शोकाचे. बाळ रडले तरी दोन्ही संपत नाहीत. पहिले काही आठवडे अनेक आया रात्रभर बाळाचा श्वास बघत जागतात, आणि आनंदाच्या भरात आधीच्या बाळासाठी पहिल्यांदाच मोकळ्याने रडतात. घरच्यांना ते अपशकुनी वाटते. ते रडणे आटोक्यात येत नसेल, झोप आणि भूक दोन आठवड्यांहून अधिक गेलेली असेल, बाळाला घ्यावेसे वाटत नसेल, तर ते प्रसूतीनंतरचे नैराश्य असू शकते आणि त्यावर इलाज आहे. नवजात बाळासाठीच्या आशा सेविकेच्या घरभेटी बेचाळिसाव्या दिवसापर्यंत चालतात. बाळाचे वजन करून झाले की आईला झोप लागते का, हे तिला त्याच भेटीत विचारता येते.