कधी? आणि त्याच्या मनात काय?



दिल्लीत किंवा तिच्या भोवतीच्या नोएडा, गुरुग्राम या नगरांत राहणाऱ्या आपल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांपैकी पुष्कळशी नोकरीच्या वा बदलीच्या निमित्ताने तिकडे गेलेली असतात. माहेर दूर, सासर दूर, लहानपणापासूनची मंडळीही दूर. अशा ठिकाणी जिवाला घोर लागला तर तो सांगावा कोणाला, हा प्रश्न लहान नाही. टॅरोचे पत्ते वाचणारी माणसे मात्र या महानगरात सहज भेटतात. बाजारातल्या एखाद्या खोलीत, नाही तर घरबसल्या दूरध्वनीच्या पडद्यावर. त्यांच्याकडे जाणारे सारेच भोळे असतात असे समजू नका. ते बहुधा दोनच प्रश्न घेऊन जातात. हे कधी होईल? आणि त्याच्या मनात माझ्याविषयी काय आहे?

पहिला प्रश्न तर स्तोत्रकर्त्यानेही परमेश्वराला पुनःपुन्हा विचारला आहे. तेव्हा विचारणाऱ्याला हसण्याचे कारण नाही. उत्तर कोठून येते, ते मात्र पाहिले पाहिजे.

टॅरोचे पत्ते एकंदर ७८. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत ते खेळण्यासाठी तयार झाले, आणि पुढे तीनशेहून अधिक वर्षे लोक मुख्यतः त्यांनी खेळतच होते. त्यांत पोप आहे, सैतान आहे, अंतिम न्यायाचा कर्णा फुंकणारा देवदूतही आहे. या चित्रांत प्राचीन मिसर देशाचे गूढ ज्ञान दडले आहे, असा गाजावाजा १७८१ मध्ये कूर द जेबलँ या फ्रेंच विद्वानाने आपल्या ग्रंथात केला. हा गृहस्थ प्रॉटेस्टंट पाळकाचा मुलगा व स्वतः दीक्षित पाळक होता. असल्या गोष्टी नेहमी बाहेरूनच येतात असे नाही! मिसरी चित्रलिपी त्या काळी कोणालाच वाचता येत नव्हती. ती उलगडली १८२२ मध्ये.

‘कधी’चे गणित त्याहूनही अलीकडचे. १८८८ मध्ये लंडन येथे ‘गोल्डन डॉन’ नावाचे एक गूढवादी मंडळ स्थापन झाले. त्याने ३६ पत्ते राशिचक्राच्या ३६ भागांना वाटून दिले. एकेका पत्त्याच्या वाट्याला सुमारे दहा दिवस आले. आज सर्वत्र दिसणारा जोड १९०९ चा. त्याची चित्रे पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीने काढली. त्यातील तलवारींची तिर्री पाहा. वर पावसाळी ढग, आणि मध्ये तीन तलवारींनी आरपार भेदलेले लाल हृदय. हा पत्ता निघाला तर काळ कोणता समजावा? त्या मंडळाच्या कोष्टकाप्रमाणे साधारण ३ ते १२ ऑक्टोबर. आकड्यावरून पाहणारा म्हणेल तीन दिवस, नाही तर तीन आठवडे, नाही तर तीन महिने. तलवारींचा ऋतू कोणी शरद सांगतो, कोणी वसंत. यांपैकी एखादे जुळले की तेवढेच लक्षात राहते.

तथापि काळाविषयीची चूक दिनदर्शिका उघडी पाडते. मनाविषयीच्या चुकीचे काय? टॅरोत प्याल्यांचे पत्ते भावनांचे मानतात. ते पाहून एखाद्या पत्नीला सांगितले गेले की, पतीचे मन दुसरीकडे आहे, तर तो पती तेथे हजर नसतो. त्याला काही विचारलेले नसते. कदाचित तो कर्जाच्या चिंतेने गप्प झालेला असेल. त्याच्या अंतःकरणावर निकाल लागतो, आणि तो निकाल लागला हेही त्याला कळत नाही. माझ्या मते या विद्येतील खरा अन्याय हा आहे. पैसे जातात ते त्यामानाने किरकोळ.

शिलो येथील प्रसंग आपणांस ठाऊक आहे. हन्ना मनातल्या मनात प्रार्थना करीत होती. ओठ हलत होते, आवाज नव्हता. एली याजकाने तिच्या तोंडाकडे पाहून ती मद्य प्यालेली आहे असे ठरवले. देवाच्या मंदिरातला वृद्ध याजक, समोर उभी असलेली स्त्री, आणि तरीही वाचन साफ चुकले. पण ती समोर होती म्हणून बोलू शकली, आणि त्याने ऐकले.

‘कधी’चे नेमके उत्तर मिळालेला एक मनुष्यही शास्त्रात आहे. शौल राजा वेष पालटून रात्री एन-दोरच्या स्त्रीकडे गेला, आणि त्याला कळले : उद्या. उत्तर खरे ठरले. त्याचा उपयोग काय झाला? तो जमिनीवर पालथा पडला. दिवसभर व रात्रभर तो जेवलेला नव्हता. मग त्याच स्त्रीने त्याची विनवणी केली, वासरू कापले, भाकरी भाजली आणि त्याला जेवू घातले. भूत-प्रेत विचारणे शास्त्राला निषिद्धच आहे. पण त्या रात्री राजाची भूक तिच्याच लक्षात आली, हेही शास्त्राने नोंदून ठेवले आहे.

दिल्लीत फिरोजशाह कोटल्याच्या पडक्या वास्तूंत गुरुवारी लोक जिनांच्या नावे अर्ज ठेवतात; नाव, पत्ता, छायाचित्र, सारी कहाणी. त्याच्या प्रती काढून निरनिराळ्या कोनाड्यांत ठेवतात, जणू एका कचेरीत दाद लागली नाही तर दुसरीत लागेल. आपल्याकडे उपासना संपल्यावर दारात पाळकांशी हस्तांदोलन होते, आणि रांग पुढे सरकते.

आणि आपली वचनांची डबी? नववर्षाच्या रात्री चिठ्ठी उचलून, नोकरी यंदा लागणार की नाही, हे तिच्यावरून ठरवणारी घरे आपल्यातही आहेत. शास्त्रवचन पवित्र आहे खरे. परंतु त्याला पत्त्यासारखे वापरले तर हाताची सवय तीच राहते. कोणी म्हणेल, मत्थियाची निवडही चिठ्ठ्या टाकून झाली. झाली. पण तो प्रसंग पेन्टेकॉस्टच्या आधीचा. पवित्र आत्मा आल्यावर प्रेषितांच्या कृत्यांत चिठ्ठ्यांचा उल्लेख पुन्हा येत नाही. परराष्ट्रीयांचा कठीण प्रश्न उभा राहिला, तेव्हा यरुशलेमेत प्रेषित व वडील एकत्र जमले. पुष्कळ वादविवाद झाला, पेत्र उठून बोलला, बर्णबा व पौल यांचे म्हणणे सर्वांनी स्तब्ध राहून ऐकले, आणि मग याकोब बोलू लागला.