धारावी देवीचं दर्शन कुठं संपतं?

देवदर्शन म्हणजे रांग, गाभारा, नमस्कार आणि प्रसाद, एवढंच आता उरलं आहे. आपल्या वाडवडिलांना ते पटलं नसतं. पंढरीला गेलेला वारकरी आधी चंद्रभागेत उतरतो, नामदेव पायरीला वंदन करतो, आणि मंदिरात शिरता आलं नाही तर कळस पाहून तृप्त होतो. त्र्यंबकेश्वरला येणारा श्रावणात ब्रह्मगिरीची फेरी घालतो. नदी, डोंगर, वाट हे सारं मिळून क्षेत्र होतं. मीरा-भाईंदरच्या डोंगरी परिसरात धारावी देवीला जाताना हीच जाण मनात ठेवायला हवी, असं मला वाटतं.

भाईंदर पश्चिमेहून उत्तनची वाट धरली की मूर्धा, राई, मोरवा ही गावं लागतात आणि पुढं तारोडीला देवीचं देऊळ. समुद्र आणि खाड्यांनी वेढलेल्या या भूभागाला धारावी बेट म्हणतात. देवीचं नाव आणि बेटाचं नाव एकच. नवरात्रात इथं आगरी-कोळी कुटुंबांची रीघ लागते. पुढं डोंगरीत सतराव्या शतकापासूनचं बेथलेहेम माऊलीचं चर्च आहे, वाटेवर क्रूस आहेत, उत्तनला बोंबील वाळवणाऱ्या वलांडी आहेत. शेजारधर्म इथं कुणाला शिकवावा लागत नाही; समुद्रावर जाणारे सगळे एकाच वाऱ्याच्या भरवशावर असतात.

या बेटाचा इतिहास मात्र रक्ताचा आहे. बेटावरच्या चौक गावचा धारावी किल्ला खाडीपलीकडच्या वसईच्या समोर उभा आहे. ज्याच्या हाती धारावी, त्याच्या हाती वसईच्या खाडीचं तोंड. मार्च 1737 मध्ये ठाण्यापासून सुरू झालेल्या मोहिमेत चिमाजी अप्पांच्या सैन्यानं पोर्तुगिजांशी झुंजत हा भाग घेतला आणि मे 1739 मध्ये वसई पडली. वसई मिळाली तर देऊळ बांधीन, हा अप्पांचा नवस वज्रेश्वरीला फेडला गेला, असं परंपरा सांगते. वसईच्या चर्चमधल्या घंटा देवस्थानांना गेल्या. वाईजवळच्या मेणवलीत कृष्णेच्या घाटावर त्यातली एक आजही टांगलेली आहे. राज्यं गेली, किल्ल्यांचे तट ढासळले, पण डोंगरीचं चर्चही राहिलं आणि देवीचं ठाणंही राहिलं. लोकांची श्रद्धा ज्या जमिनीत रुजते, ती जमीन टिकली तर श्रद्धा सत्तांतरांनाही पुरून उरते.

म्हणूनच आजचा प्रश्न जमिनीचा आहे. मेट्रो-9 च्या कारशेडसाठी आधी राई-मूर्धा-मोरव्याची जागा ठरली होती. ग्रामस्थांच्या विरोधानंतर ती डोंगरीत हलली. 2025 मध्ये तिथली बारा हजारांहून अधिक झाडं तोडण्याचा प्रस्ताव पुढं आला आणि हरकतींचा ढीग लागला. लोकलच्या दारात लटकून रोज मुंबई गाठणाऱ्या माणसाला मेट्रो हवीच. त्याची गरज खोटी ठरवणं अन्यायाचं होईल. पण टेकडीवरचं रान म्हणजे मोकळी पडलेली जागा, हा हिशेबही तितकाच अन्यायाचा आहे. पावसाचं पाणी तेच रान धरून ठेवतं.

आपल्या पूर्वजांनी असं रान देवाच्या नावानं जपलं. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी 1970 च्या दशकात सह्याद्रीतल्या देवराया अभ्यासल्या, तेव्हा गावांनी देवाच्या धाकानं राखलेलं मूळचं जंगल तिथं आढळलं. काठीलाही हात लावायचा नाही, या नियमानं झऱ्यांचे उगमही राखले गेले. तो धाक आता ओसरला आहे. त्याच्या जागी समज आली नाही, तर आपण फक्त देवळाला संगमरवर बसवू आणि भोवतीचा डोंगर गमावू.

देवस्थानाच्या विकासात पार्किंग, फरसबंदी, दिव्यांच्या माळा येतात. त्यात झाडं आणि पाणी का येऊ नये? देवस्थानांनी आणि महापालिकेनं मिळून क्षेत्राची हद्द मंदिराच्या आवाराबाहेर आखावी. आणि भाविकांनी, मग ते नवरात्रातले असोत की नाताळातले, या टेकडीबद्दलच्या प्रत्येक जनसुनावणीला हजर राहावं, लेखी हरकत द्यावी. देवीला नारळ वाहणाऱ्या हातांनी तिच्या डोंगरासाठी एक अर्जही लिहावा.